एक्सआरएन-१ घालूनही आरएनए तुटत नाही? आधी आरएनएचं टोक तपासा

लक्षण असं. आरएनए घेतला, बफर घातला, एक्सआरएन-१ (आरएनए एका टोकापासून मोडत जाणारं एन्झाइम) घातलं, ३७ अंशांवर तासभर ठेवलं आणि आरएनए लांबीनुसार वेगळा करून दाखवणारं जेल चालवलं. एन्झाइमची लेन आणि बिनएन्झाइमची लेन जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. बँड तिथंच, तेवढाच जाड. दुसऱ्या दिवशी एन्झाइम दुप्पट होतं, तिसऱ्या दिवशी ट्यूब रात्रभर ३७ अंशांवर राहते, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन म्हणतं, "ताई, एन्झाइम मेलंय बहुतेक. नवीन मागवू या का?"

आमच्या लॅबमध्ये दर नव्या बॅचबरोबर हा प्रश्न येतो. मी स्वतः पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी यात पाच आठवडे घालवले आहेत, आणि त्या पाच आठवड्यांत मी तपासली नव्हती अशी एकच गोष्ट होती. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देते: एन्झाइम बहुतेक वेळा ठणठणीत असतं. तुम्ही टी-७ पॉलिमरेजनं (डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमनं) घरी बनवलेल्या आरएनएच्या ५-प्राइम, म्हणजे सुरुवातीच्या टोकावर (शेवटचं ते ३-प्राइम) तीन फॉस्फेट असतात, आणि एक्सआरएन-१ला तिथं एकच फॉस्फेट लागतं. तीन असतील तर ते तोंड लावत नाही. टोक झाकणारी रासायनिक टोपी, म्हणजे कॅप असेल तरी नाही, आणि फॉस्फेट अजिबात नसेल तरीही नाही. आपण मात्र एन्झाइमची बाटली बदलत बसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

हे एन्झाइम एवढं चोखंदळ का, हे एकदा कळलं की पुढचं सगळं ट्रबलशूटिंग आपोआप सुचतं. त्यामुळे दोन परिच्छेद पेशीत जाऊन येऊ.

पेशीत एमआरएनए (प्रथिन बनवायचा निरोप नेणारा आरएनए) मोडायची ठरलेली वाट आहे. त्याच्या एका टोकाला कॅप असते आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅडेनिनची लांब शेपटी. आधी शेपटी आखूड होते. हे काम मुख्यतः सीसीआर-४-नॉट नावाच्या प्रथिनांच्या जथ्याचं. मग डीसीपी-२ हे एन्झाइम कॅप उडवतं. कॅप गेल्यावर जे टोक उघडं पडतं त्यावर बरोबर एक फॉस्फेट राहतं, आणि तिथूनच एक्सआरएन-१ आत घुसून ५-प्राइमकडून ३-प्राइमकडे एकेक न्यूक्लिओटाइड सुटं करत जातं. म्हणजे "एक फॉस्फेट" ही खूण पेशीच्या भाषेत "या एमआरएनएचं काम झालं, आता मोडा" अशी आहे. कॅप असलेला, कामावर असलेला एमआरएनए या एन्झाइमनं चावला असता तर पेशीत प्रथिनं बनलीच नसती. आपल्याला छळणारा हा चोखंदळपणा पेशीला जगवतो.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीमध्ये ऑड्री स्टीव्हन्स यांनी यीस्टमधून हे एन्झाइम वेगळं काढलं. आरएनए पॉलिमरेजच्या १९६० मधल्या शोधातही त्यांचा वाटा होता. आरएनए बनवणाऱ्या आणि आरएनए मोडणाऱ्या, दोन्ही एन्झाइमांवर ज्यांचा हात फिरला अशा त्या विरळा. या एन्झाइमवरचा त्यांचा १९७८ मधला सुरुवातीचा शोधनिबंधच ५-प्राइम टोकावर काय आहे यानुसार आरएनए तुटण्यात काय फरक पडतो याबद्दल आहे. आपण पाच आठवडे शोधतो ते उत्तर तिथं पहिल्याच दिवशी दिलेलं होतं. पुढे १९९३ मध्ये सू आणि स्टीव्हन्स यांनी दाखवलं की एक्सआरएन-१ नसलेल्या यीस्टमध्ये शेपटी गेलेले आणि अंशतः कॅपही नसलेले एमआरएनए साचून राहतात. १९९४ मध्ये रॉय पार्कर यांच्या गटानं शेपटी, कॅप आणि मग एक्सआरएन-१ हा क्रम पक्का केला. जुने निबंध शोधताना एक लक्षात ठेवा: याच जनुकाला वेगवेगळ्या लॅबनी वेगवेगळ्या कामांच्या शोधात असताना पकडलं, म्हणून ते केईएम-१, एसईपी-१, डीएसटी-२ आणि आरएआर-५ या नावांनीही सापडतं.

२०११ मध्ये दोन गटांनी याची रचना उलगडली: जेनिफर डाउडना यांच्या गटानं फळमाशीच्या एन्झाइमची, आणि लिआंग टाँग यांच्या गटानं क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टच्या एन्झाइमची. टोक जिथं बसतं तो खळगा धन भाराच्या अमिनो आम्लांनी वेढलेला आहे आणि तो एका फॉस्फेटच्या मापाचा आहे. तीन फॉस्फेट किंवा कॅप तिथं मावतच नाही. त्याच्या पुढची वाट इतकी अरुंद आहे की आरएनएचा एकच धागा आत जातो. जोडीला दुसरा धागा चिकटलेला असेल तर तो बाहेरच सुटतो. मला हे रसवंतीतल्या चरकासारखं वाटतं. उसाचं टोक एकदा रुळांमध्ये सापडलं की अख्खं कांडं ओढलं जातं, मग मधेच सोडायची गोष्ट नाही. पण वाढं छाटलेलं नसेल तर कांडं तोंडाशीच अडतं. टी-७नं बनवलेला आरएनए वाढ्यासकट आलेला असतो.

आता कामाचं. काहीही बदलण्याआधी एन्झाइम जिवंत आहे का हे एका तासात, जवळजवळ फुकटात कळू शकतं. लॅबमध्ये कुणाकडे तरी यीस्टचा किंवा मानवी पेशींचा टोटल आरएनए, म्हणजे पेशीतला सगळा आरएनए, असतोच. त्यातले मोठे रायबोसोमल आरएनए, म्हणजे १८एस आणि २५एस किंवा २८एस, लांब पूर्वरूपातून कातरून बनतात, त्यामुळे त्यांच्या टोकावर एकच फॉस्फेट असतं. एक मायक्रोग्रॅम टोटल आरएनए घ्या, ७० अंशांवर दोन मिनिटं ठेवून लगेच बर्फात घाला, आणि तेच बफर, तेच एन्झाइम, तेवढाच वेळ द्या. शेजारी बिनएन्झाइमची ट्यूब ठेवा. एन्झाइम जिवंत असेल तर जेलवरचे दोन ठसठशीत बँड नाहीसे होतात किंवा निदान स्पष्ट फिके पडतात. खालचा टीआरएनए आणि ५एसचा पट्टा राहिला तर घाबरू नका. ५एसच्या टोकावर तीन फॉस्फेट असतात आणि टीआरएनए घट्ट दुमडलेला असतो. तो पट्टा राहणं हीच उलट एन्झाइम शहाणं असल्याची खूण आहे. मोठे बँड गेले म्हणजे एन्झाइमला दोष नाही. बाटली परत फ्रीझरमध्ये ठेवा आणि आपल्या आरएनएकडे वळा.

तीन फॉस्फेटांचं एक करायला तीन वाटा आहेत. त्यातली पहिली मला सगळ्यात भरवशाची वाटते.

पहिली वाट आरपीपीएच. हे ई. कोलायचं एन्झाइम आहे. जिवाणूमध्ये एमआरएनए मोडायची सुरुवात करून देण्यासाठी ते हेच करतं: टोकावरच्या तीनपैकी दोन फॉस्फेट काढून टाकतं. २००८ मध्ये जोएल बेलास्को यांच्या गटानं त्याचं हे काम दाखवलं. ते एक्सआरएन-१च्याच ट्यूबमध्ये, एकाच वेळी घालता येतं. दोघांना मॅग्नेशियम चालतं आणि ३७ अंश चालतात. मी वापरते तो बफर साधा आहे: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.९, १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर डीटीटी. पण आरपीपीएचचीही एक अट आहे. टोकाची निदान दोन न्यूक्लिओटाइडं मोकळी, म्हणजे कशाशीही जोडी न जमवलेली हवीत. टी-७चे बहुतेक आरएनए जीजी किंवा जीजीजीनं सुरू होतात (जी आणि सी ही आरएनएची एकमेकांशी जोडी जमवणारी अक्षरं), आणि हे जी पुढच्या कुठल्या तरी सींशी जोडी जमवून बसले की आरपीपीएचला टोक दिसतच नाही. मग तुमच्या ट्यूबमध्ये आरपीपीएच आहे, एक्सआरएन-१ आहे आणि बँड तरीही तिथंच आहे. दुमड सांगणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये आरएनएची पहिली दहा अक्षरं बघा. जोडी दिसली तर पुढच्या वेळी कन्स्ट्रक्ट (आरएनएचा डीएनए-साचा) बनवताना सुरुवातीला सुमारे ३० न्यूक्लिओटाइडांचा, दुमड न घेणारा मोकळा तुकडा जोडा. हा एक बदल पुढचे अनेक महिने वाचवतो, कारण एक्सआरएन-१लाही पकड घ्यायला मोकळं टोकच लागतं.

दुसरी वाट: टी-७च्या रिअ‍ॅक्शनमध्येच जीएमपी (जी हेच अक्षर, पण एकाच फॉस्फेटचं; नेहमीच्या जीटीपीत तीन असतात) घालायचं. युक्ती सुंदर आहे. साखळी वाढवायला पॉलिमरेजला ट्रायफॉस्फेटच लागतं, त्यामुळे जीएमपी मधे कुठेही बसू शकत नाही. पहिल्या जागी मात्र बसतं. जीटीपीच्या पाचपट जीएमपी घातलं आणि पॉलिमरेजनं दोघांत भेदभाव केला नाही असं धरलं, तर सहापैकी पाच रेणूंच्या टोकावर एक फॉस्फेट येईल आणि सहावा तीनवाला राहील. म्हणजे एन्झाइम घातल्यावर बँड जाईल, पण पूर्ण नाही. फिकट भुतासारखा मागे उरेल. ते भूत बघून "एन्झाइम अर्धवट चालतंय" असा निष्कर्ष मी काढलेला आहे. तो चूक होता. एन्झाइमनं आपलं सगळं काम केलं होतं. उरलेला सहावा हिस्सा त्याचा कधी नव्हताच. शिवाय या वाटेनं आरएनए कमी मिळतो हे धरून चाला.

तिसरी वाट लांबची: फॉस्फेटेजनं टोक पूर्ण बोडकं करायचं आणि मग पीएनके हे फॉस्फेट चढवणारं एन्झाइम व फॉस्फेट पुरवणारं एटीपी वापरून एक फॉस्फेट परत चढवायचं. टोकाला किरणोत्सारी फॉस्फेट लावायचं असेल तर हीच वाट लागते. हिच्यात दोन खड्डे आहेत. फॉस्फेटेज पूर्ण मेलं नाही, तर पीएनके फॉस्फेट चढवतं आणि फॉस्फेटेज ते उतरवतं, रात्रभर. कोळंबीचं फॉस्फेटेज ६५ अंशांवर मरतं. वासराच्या आतड्याचं चिवट असतं, ते फिनॉलनं काढलेलंच बरं. दुसरा खड्डा म्हणजे आरएनए अमोनियम अ‍ॅसिटेटनं खाली बसवलेला असेल तर उरलेलं अमोनियम पीएनकेला अडवतं. सोडियम अ‍ॅसिटेट वापरा. दोन्ही खड्ड्यांचा शेवट एकच असतो: टोकावर फॉस्फेटच नसलेला आरएनए, जो एक्सआरएन-१च्या दृष्टीनं तीनवाल्याइतकाच निरुपयोगी.

माझे पाच आठवडे इथंच गेले. तीन की एक हा फरक साध्या अगरोज जेलवर दिसत नाही. शेकडो न्यूक्लिओटाइडांच्या आरएनएमध्ये दोन फॉस्फेट कमी झाले तरी बँड केसभरही हलत नाही. जेल सुंदर, २६०-२८०चं गुणोत्तर (शुद्धतेची खूण) सुंदर, आरएनए अखंड. मी त्या आरएनएच्या अखंडपणावर इतकी खूश होते की त्याच्या टोकाचा विचारच केला नाही. शेवटी एका सीनियरनं वहीवर नजर टाकली आणि एवढंच विचारलं, "टी-७चा आहे ना? मग मोनोफॉस्फेट कधी केलास?"

आता उलटी तक्रार. आरएनए तुटतोय, पण तो एक्सआरएन-१मुळेच तुटतोय का? ही तक्रार लोक कमी करतात, कारण हवं ते दिसलं की आपण खोदत नाही. पण इथं जेल वाचायला शिकणं फार मोलाचं आहे. चरकाची उपमा परत आणते. एक्सआरएन-१ एक रेणू धरला की शेवटपर्यंत नेतं. त्यामुळे कुठल्याही क्षणी बहुतेक रेणू एक तर अख्खे असतात किंवा संपलेले, अर्धे चावलेले फार थोडे. जेलवर याचा अर्थ असा की बँड जागच्या जागी फिका होत जातो. सुटे झालेले न्यूक्लिओटाइड इतके लहान असतात की ते जेलवर दिसतही नाहीत. खालपर्यंत ओघळलेला लांब स्मिअर दिसत असेल तर माझा पहिला संशय एक्सआरएन-१वर नसतो; तो मधेच कुठेही कापणाऱ्या आरएनेजवर (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमवर) असतो, आणि बहुतेक वेळा तो मिनिप्रेपमधून (प्लाझ्मिड डीएनए काढायच्या प्रक्रियेतून) आलेला आरएनेज-ए असतो. त्याच बेंचवर, त्याच पिपेटनं सकाळी कुणी प्लाझ्मिड काढलं होतं का, हे विचारा.

दोघांना वेगळं ओळखायची सोपी खूण मॅग्नेशियम आहे. एक्सआरएन-१ त्याशिवाय चालत नाही. आरएनेज-एला कुठलाही धातू लागत नाही. म्हणून एका ट्यूबमध्ये सगळं तेच ठेवून वर २० मिलिमोलर ईडीटीए (मॅग्नेशियमसारखे धातू पकडून ठेवणारं रसायन) घाला. तुटणं थांबलं तर काम एक्सआरएन-१चं. ईडीटीए असूनही आरएनए ओघळला तर बेंच पुसा, टिप्सचा डबा बदला, बफर नव्यानं करा. ट्रिस असलेला बफर डीईपीसीनं (आरएनेज मारणाऱ्या रसायनानं) साफ करायला जाऊ नका. डीईपीसी ट्रिसशीच अभिक्रिया करून बसतं. आधी पाणी डीईपीसीनं साफ करून ऑटोक्लेव्ह करा आणि मग त्यात ट्रिस विरघळवा. रायबोन्यूक्लिएज इनहिबिटर बिनधास्त घाला. ते आरएनेज-एच्या कुळाला धरतं, एक्सआरएन-१ला हात लावत नाही.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. आरएनेज-ए जिथं कापतं तिथं नव्या तुकड्याच्या ५-प्राइम टोकावर फॉस्फेट ठेवत नाही, नुसता हायड्रॉक्सिल ठेवतं. म्हणजे दूषित ट्यूबमधले तुकडे एक्सआरएन-१ही खाऊ शकत नाही. तुमच्या स्मिअरमध्ये एक्सआरएन-१ घातल्यानं काहीच फरक पडत नसेल तर कारण हेही असू शकतं. इथंही सगळं टोकावरच येऊन थांबतं.

मॅग्नेशियमचा विषय निघालाच आहे तर टीई बफरवरचा (ट्रिस आणि ईडीटीएच्या द्रावणावरचा) एक आरोप पुसून टाकते. "आरएनए टीईमध्ये होता, ईडीटीएनं मॅग्नेशियम खाल्लं" हे मी खूप ऐकते. हिशोब करा. २० मायक्रोलिटरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये १० मिलिमोलर मॅग्नेशियम म्हणजे २०० नॅनोमोल. टीईमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए. १० मायक्रोलिटर टीई घातलं तरी ते १० नॅनोमोल. एका ईडीटीएला एक मॅग्नेशियम, म्हणजे विसातलं एक गेलं. टीई निर्दोष. खरा गुन्हेगार जेलमधून आरएनए काढण्याच्या पद्धतीत असतो. अ‍ॅक्रिलामाइडचा तुकडा कुस्करून आपण ४०० मायक्रोलिटर बफरमध्ये रात्रभर फिरवतो, आणि त्या बफरमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए असतं. ते ४०० नॅनोमोल झालं. मग इथेनॉल घालतो, आणि इथेनॉलमध्ये ईडीटीएही आरएनएबरोबर खाली बसू शकतं. गाळ नीट न धुता १० मायक्रोलिटरमध्ये विरघळवला, ते सगळं रिअ‍ॅक्शनमध्ये ओतलं आणि त्यातलं निम्मं ईडीटीए जरी सोबत आलं, तरी तुमचं सगळं मॅग्नेशियम संपलं. ७० टक्के इथेनॉलनं दोनदा धुवा. टी-७ची रिअ‍ॅक्शन साफ न करता सरळ वापरू नका. न वापरले गेलेले न्यूक्लिओटाइडही मॅग्नेशियम धरून ठेवतात. त्या ट्यूबमध्ये दिसणारा पांढरा गढूळपणा म्हणजे मॅग्नेशियम आणि पायरोफॉस्फेट यांचा साका असतो. तो खाली बसवून वरचं स्वच्छ द्रावण घ्या.

टोक बरोबर, मॅग्नेशियम बरोबर, टोटल आरएनएची चाचणी पास, आणि तरीही जेलवर मूळ बँडच्या खाली एक स्वच्छ, टोकदार, थोडा लहान बँड दिसतोय? मग थांबा, ती बिघाडाची खूण नसेल. एक्सआरएन-१ चालत आलं आणि वाटेत अडलं आहे. अडवणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या. एक म्हणजे ओळीनं आलेले जी. पार्कर यांच्या गटानं याच गुणाचा उपयोग केला: यीस्टच्या एमआरएनएमध्ये १८ जी ओळीनं घातले आणि तिथं अडकलेले तुकडे पकडून मोडण्याची दिशा सिद्ध केली. हे जी चौकटी रचून घट्ट बसतात आणि पोटॅशियममध्ये आणखी घट्ट होतात. त्यामुळे बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड असेल तर सोडियम किंवा लिथियमचं क्लोराइड घालून बघा. बँड गेला तर अडथळा तोच होता.

दुसरा प्रकार विषाणूंचा आहे, आणि इथं मी थोडी रेंगाळणार. डेंग्यू, झिका, वेस्ट नाइल या फ्लेविव्हायरसांच्या आरएनएच्या ३-प्राइम भागात अशी दुमड असते की एक्सआरएन-१ तिथं येऊन थांबतं. दुमडीपासून पलीकडचा, ३-प्राइम बाजूचा तुकडा वाचतो, आणि तोच तुकडा पेशीची विषाणूविरोधी यंत्रणा बिघडवतो. हा तुकडा याच एन्झाइमच्या अर्धवट कामातून तयार होतो आणि विषाणूच्या रोगकारकतेसाठी लागतो, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. जेफ्री कीफ्ट यांच्या गटानं २०१४ मध्ये मरे व्हॅली एन्सेफलायटिसच्या विषाणूतल्या या दुमडीची रचना पाहिली: आरएनए स्वतःच्याच ५-प्राइम बाजूभोवती कडं घालतो. एक्सआरएन-१ ज्या बाजूनं येतं त्या बाजूनं ते कडं घट्ट असतं. उलट्या बाजूनं येणारं पॉलिमरेज मात्र ते सोडवून जाऊ शकतं. एकही प्रथिन मदतीला न घेता, नुसत्या आकारानं, आरएनएचा लहानसा तुकडा एवढ्या ताकदीच्या एन्झाइमला अडवतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ ते चित्रच बघत बसले होते. दर पावसाळ्यात पुण्या-मुंबईत डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा त्यांच्या पेशींमध्ये हीच अडवाअडवी चाललेली असते.

ट्रबलशूटिंगसाठीही ही दुमड कामाची आहे. तुमच्याकडे अशा आरएनएचं कन्स्ट्रक्ट असेल तर ते कायमचं कंट्रोल म्हणून जपून ठेवा. मूळ बँड गेला आणि ठरल्या जागी लहान बँड आला, तर एन्झाइम जिवंत आहे, टोक बरोबर आहे आणि ट्यूबमध्ये भलता आरएनेज नाही, असं तिन्ही एकाच लेनमध्ये कळतं.

एन्झाइम खरंच खराब असण्याची शक्यता मी शेवटी ठेवली आहे, कारण ती बहुतेक वेळा शेवटचीच असते. पण असते. यीस्टचं एक्सआरएन-१ हे १५०० हून जास्त अमिनो आम्लांचं, सुमारे १७५ किलोडाल्टनचं अवाढव्य प्रथिन आहे. घरी बनवत असाल तर ते सहज तुटतं, म्हणून पूर्ण लांबीच्या मागे न लागता क्लुइव्हेरोमायसिसच्या एन्झाइमचा १ ते १२४५ हा तुकडा बनवावा. रचनेच्या अभ्यासातही तोच वापरला गेला होता. विकतचं असेल तर ते आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये ठेवू नका. त्या फ्रीझरचं तापमान सारखं वर-खाली होत राहतं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की आम्ही आधी एन्झाइमची पेटी थंड ब्लॉकमध्ये हलवतो आणि मगच इनव्हर्टरची चौकशी करतो. आणि "आणखी थोडं एन्झाइम घालू" म्हणत रिअ‍ॅक्शनचा पाचवा हिस्सा एन्झाइमनं भरू नका. ते ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं. एकूण आकारमानाच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहा.

पेशींमध्ये काम करणाऱ्यांची तक्रार निराळी असते: एक्सआरएन-१चं जनुक काढलं, तरी एमआरएनएचं प्रमाण वाढत नाही. इथंही लगेच स्ट्रेनवर संशय घेऊ नका. ३-प्राइमकडून मोडणारं एक्सोसोम तिथं आहेच. शिवाय २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसलं की यीस्टमध्ये मोडण्याचा वेग बदलला तर बनवण्याचा वेगही बदलतो, त्यामुळे एकूण साठा फारसा हलत नाही. साठा मोजू नका, अर्धायुष्य मोजा. आणि यीस्टच्या माध्यमात लिथियम असेल तर तेवढं ध्यानात ठेवा. लिथियम एक्सआरएन-१ला थेट त्रास देत नाही. ते मेट-२२ या दुसऱ्या एन्झाइमला बंद पाडतं, त्यामुळे पीएपी नावाचा लहान रेणू साचतो, आणि तो साचलेला रेणू एक्सआरएन-१ला आणि केंद्रकातल्या त्याच्या भावाला, आरएटी-१ला अडवतो. १९९७ मध्ये हे दाखवलं गेलं. लिथियम क्लोराइडनं आरएनए खाली बसवणाऱ्यांनी मात्र यावरून घाबरायचं कारण नाही. ट्यूबमध्ये मेट-२२ही नाही आणि पीएपीही नाही.

परवा आमच्याकडची नवी मुलगी हीच तक्रार घेऊन आली, तेव्हा मी तिला पाच ट्यूब लावायला सांगितल्या. पहिलीत नुसता आरएनए. दुसरीत आरएनए आणि एक्सआरएन-१. तिसरीत आरएनए आणि आरपीपीएच. आरपीपीएचच्या बाटलीत भलता आरएनेज असेल तर तो इथं उघडा पडतो. चौथीत दोन्ही एन्झाइमं. पाचवीत चौथीचंच सगळं, वर ईडीटीए. दोन तास ३७ अंशांवर ठेवून तिनं युरियाचं जेल चालवलं. पहिल्या तीन लेन एकसारख्या आल्या, पाचवीही त्यांच्यासारखीच. चौथी लेन कोरी.

ती जेलसमोर उभी राहून म्हणाली, "म्हणजे एन्झाइम पहिल्यापासून चांगलंच होतं." मग तिनं फ्रीझरमधून आपली आरएनएची पेटी काढली आणि प्रत्येक ट्यूबच्या झाकणावर मार्करनं लिहायला बसली: तीन, तीन, एक, कॅप, तीन, शून्य. एका ट्यूबपाशी ती थांबली, तारीख बघितली आणि मला विचारलं, "ताई, ही मागच्या वर्षीची, कुणीतरी सोडून गेलेली. हिच्या टोकावर काय आहे कसं सांगायचं?" मी तिला तीच पाच ट्यूबची मांडणी परत लावायला सांगितली. उद्या तिचं जेल आहे.